न झालेली नाणेफेक

सायमन जॅरेट मठ्ठ आहे, अशी तक्रार ‘सोमा’ हा व्हिडिओ गेम खेळलेले बरेच जण करतात. त्याला एकच गोष्ट तीन-तीनदा समजावून सांगावी लागते आणि तिसऱ्यांदाही ती त्याच्या डोक्यात शिरत नाही. गोष्ट तशी अवघड नाही. मेंदूची नक्कल काढली की नक्कल तेवढी निघते, मूळ माणूस जागचा हलत नाही. झेरॉक्स काढल्यावर मूळ कागद काचेवरच राहतो, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. सायमनला ते उमगत नाही. विज्ञानकथेचा नायक आपल्याहून दोन पावलं पुढे असावा अशी आपली अपेक्षा. हा गडी दोन पावलं मागे रेंगाळतो.

तक्रार खरी आहे, पण तिचा रोख चुकला आहे असं मला वाटतं. सायमनचं हे न कळणं फार विचारपूर्वक घडवलेलं आहे. ते ज्या रीतीने घडवलं आहे ती रीत कादंबरीला पेलणार नाही, सिनेमालाही नाही. तिच्यासाठी खेळणाऱ्याचा हातच गुंतलेला हवा.

‘सोमा’ 22 सप्टेंबर 2015 रोजी आला. तो करणारा फ्रिक्शनल गेम्स हा स्वीडनमधला छोटा स्टुडिओ. 2010 सालच्या ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’ या गेमने भल्याभल्यांची झोप उडवून त्याने नाव कमावलेलं. थॉमस ग्रिप हे ‘सोमा’चे दिग्दर्शक, मिकाएल हेडबर्ग लेखक. सायमनला आवाज दिला आहे जॅरेड झूस यांनी. पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. शेवट झाकून या नायकाचं रसग्रहण करणं शक्य नाही. ज्यांना आधी खेळायचं असेल त्यांनी इथे थांबलेलं बरं.

सुरुवात टोरंटोत होते, 2015 साली. सायमन एका पुस्तकांच्या दुकानात काम करतो. गाडीच्या अपघातात त्याची मैत्रीण अ‍ॅशली गेली, तो वाचला, पण मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत. अपघाताच्या स्वप्नातून तो दचकून उठतो, तेवढ्यात फोन वाजतो. डेव्हिड मुन्शी नावाचा संशोधक त्याला मेंदूच्या प्रायोगिक स्कॅनसाठी बोलावतो आहे. निघण्यापूर्वी बाटलीतलं औषध घ्यायला विसरू नको, असं बजावतो. ही बाटली आपणच शोधायची. छोटीशी खोली, पसारा, कप्पे. कप्पा उघडायचा तर माऊसचं बटण दाबून धरायचं आणि हात मागे ओढायचा, दाराचंही तेच. फ्रिक्शनलच्या गेममध्ये वस्तू अशाच हाताळाव्या लागतात. पाचेक मिनिटं कप्पे ओढले, दारं लोटली, बाटली तोंडाला लावली की पडद्यावरचा हात परका वाटेनासा होतो. पुढे होणाऱ्या फसवणुकीची पहिली वीट इथे बसते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग मेट्रोचा प्रवास, ओसाडशी प्रयोगशाळा, खुर्ची. डोक्यावर यंत्र उतरतं. अंधार. यंत्र वर जातं तेव्हा खुर्ची तशीच असते, पण खोली निराळी, काळोखी, गंजलेली आणि निर्मनुष्य. सायमन मुन्शीला हाका मारतो. अटलांटिक महासागराच्या तळाशी असलेल्या पॅथोस-2 या संशोधनतळाच्या अप्सिलॉन विभागात तो आहे आणि साल 2104 चालू आहे, हे कळायला बराच वेळ लागतो. 2103 च्या जानेवारीत धूमकेतू आदळून पृथ्वीचा पृष्ठभाग जळून गेला आहे.

या दोन खुर्च्यांमध्ये जवळजवळ नव्वद वर्षं आहेत. पडद्यावर मात्र एक डोळ्याची पापणी लवते, बस्स. मराठी समीक्षेत आपण प्रथमपुरुषी निवेदनाबद्दल पुष्कळ बोलतो: निवेदक ‘मी’ म्हणतो आणि वाचक त्या ‘मी’च्या मागोमाग जातो. पण वाचक कितीही गुंतला तरी तो ‘मी’ दुसऱ्याचा असतो, हे त्याला ठाऊक असतं. इथे डोळे आपले, हात आपला, डोळ्यांपुढून काळोख सरला तोही आपल्याच. टोरंटोत बसलेलाच मी इथे उठलो याबद्दल खेळणाऱ्याच्या मनात शंका येण्याचं कारणच नाही. सायमनच्याही मनात ती येत नाही. इथून पुढे सायमनची चूक आणि खेळणाऱ्याची चूक एकच आहे.

अप्सिलॉनमध्ये त्याला पहिल्यांदा बोलायला कुणीतरी भेटतं: जमिनीवर मोडून पडलेला एक यंत्रमानव. तो सांगतो, मी कार्ल सेमकेन, मला लागलंय, मदत कर. सायमन म्हणतो, अरे पण तू यंत्र आहेस. कार्लला ही थट्टा वाटते. त्याला स्वतःचे हातपाय दिसतात, त्वचा दिसते; हा नवखा पोरगा वेडा आहे असंच त्याचं मत. बंद पडलेली वीज चालू करण्यासाठी सायमनला जे करावं लागतं त्याची झळ कार्लला बसते, आणि त्याचा आक्रोश लोखंडातून येत असला तरी ऐकवत नाही. आपण सायमनच्या बाजूने उभे राहून कार्लची कीव करतो. किती केविलवाणा भ्रम, असं वाटतं.

त्यानंतर कितीतरी वेळ सायमन त्याच भ्रमात फिरतो, आणि आपणही. पुरावे लपवलेले नाहीत. तो समुद्राच्या तळावर चालतो आणि त्याला काही होत नाही. भिंतींवर उगवलेल्या, काळा चिकट द्रव पाझरणाऱ्या गाठींमध्ये तो हात खुपसतो आणि त्याच्या जखमा भरून येतात. गेममध्ये तब्येत सुधारायची काहीतरी सोय असतेच, कुठे औषधाची पेटी, कुठे हिरवी पाल्याची जुडी. खेळणाऱ्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की भिंतीतल्या गाठीत हात घालून बरा होणारा प्राणी माणूस असेल का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. उलगडा होतो तो लॅम्डा विभागात, कॅथरीन चुन भेटल्यावर. ती सरळ सांगते की तू माणूस नाहीस. इमोजेन रीड नावाच्या मृत स्त्रीचं शरीर, तिचा पाणबुड्याचा सूट, डोक्याच्या जागी यंत्रसामग्री, आत एक चिप, आणि सगळं धरून ठेवणारा तो काळा द्रव. त्या चिपवर टोरंटोतल्या एका तरुणाचं जुनं स्कॅन चढवलेलं आहे. तो तरुण उपचार लागू न पडून केव्हाच वारला.

कॅथरीन स्वतःही स्कॅनच आहे. तिची चिप काढून सायमन हातातल्या ऑम्निटूलमध्ये बसवतो आणि तिथून ती त्याची वाटाड्या होते. तिच्याकडे एकच ध्यास आहे: आर्क. तळावरच्या माणसांची स्कॅन्स एका आभासी जगात वसवलेली एक पेटी, जी तोफेने अवकाशात सोडायची. मानवजातीचं म्हणून जे काही उरेल ते एवढंच. सायमनला या मोहिमेत ओढायचं तर त्यालाही आर्कवर जागा मिळेल असं सांगावं लागतं. कॅथरीन खोटं बोलत नाही. ती फक्त त्याचा समज दुरुस्त करायचं टाळते, आणि हे टाळणं तिला इतकं सहज जमतं की ती मला सायमनइतकीच जिवंत वाटते. कामाचा ध्यास घेतलेली, माणसांपेक्षा यंत्रांशी जास्त पटणारी, थोडी एकलकोंडी बाई. अशा बायका आपण पाहिलेल्या असतात.

खेळाच्या मध्यावर, थीटामध्ये एक प्रसंग आहे, तो मला पूर्ण खेळातला सर्वांत कुरूप आणि सर्वांत चोख वाटतो. पाणबुडी सोडवायला एक सांकेतिक शब्द हवा आहे. तो ब्रँडन वॅनला माहीत होता. ब्रँडन मेला, पण त्याचं स्कॅन आहे. मग ते स्कॅन एका आभासी खोलीत जागं करायचं आणि त्याच्याकडून शब्द काढून घ्यायचा. ब्रँडन जागा होतो, चार वाक्यं बोलतो, आजूबाजूचं काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवतं, तो बिथरतो. बंद करा. देखावा बदला. पुन्हा जागा करा. त्याला आधीचं काही आठवत नाही, तो पुन्हा तितक्याच विश्वासाने डोळे उघडतो, पुन्हा बिथरतो. कोणता देखावा लावायचा हे आपणच यादीतून निवडत असतो, आणि शब्द मिळेपर्यंत सुटका नाही. सायमन अस्वस्थ होतो, बोलूनही दाखवतो, पण थांबत नाही.

हा प्रसंग पाहिल्यावर सायमनला मठ्ठ म्हणणं अवघड जातं. ब्रँडनची नक्कल ही नक्कल आहे, ती हवी तितक्या वेळा काढता येते, प्रत्येक नक्कल स्वतःला एकमेव ब्रँडन समजते, हे सगळं त्याला स्वच्छ कळलेलं आहे. दुसऱ्याच्या बाबतीत कळलेलं स्वतःला लावायची पाळी आली की मात्र गाडी अडते. आपल्यापैकी कुणाची अडत नाही?

यानंतर ओमिक्रॉन. समुद्राच्या खोल दरीत उतरायचं तर सायमनचं सध्याचं शरीर दाबाखाली चिरडून जाईल. तिथे एक जाडजूड सूट आहे, आतल्या मृतदेहासकट. कॅथरीन सांगते की तुला त्यात हलवू. त्यासाठी सायमनने, म्हणजे आपण, तीन गोष्टी गोळा करून आणायच्या: बॅटरी, तो काळा द्रव आणि एक नवी चिप. नवी चिप कशाला? ‘हलवायचं’ असेल तर आहे ती चिप काढून तिकडे बसवली की काम झालं. मी ती चिप शोधली, आणली, सूटमध्ये बसवली आणि हा प्रश्न मला पडला नाही, कारण गेममध्ये वस्तू आणायला सांगितल्या की आणायच्या असतात. उत्तर आपल्याच हातात ठेवलेलं होतं.

खुर्चीत बसायचं. काळोख. डोळे उघडतात ते नव्या सूटमध्ये. जमलं! आणि त्याच क्षणी बाहेरून सायमनचा आवाज येतो, गोंधळलेला: काही झालंच नाही की, कॅथरीन? कॅथरीन त्या आवाजाला झोपवते. नवा सायमन तिच्यावर भडकतो. बाहेर आल्यावर खुर्चीत तो दिसतो, मान टाकलेला. काही दिवसांनी तो जागा होईल, एकटाच, समुद्राच्या तळाशी, कुणीही परत येणार नाही अशा जागी. शेजारच्या पॅनेलवरून त्याची बॅटरी उतरवून टाकता येते. उतरवा नाहीतर जा. खेळ तुम्हाला शाबासकी देत नाही, दोषही देत नाही, आणि तुम्ही काहीही केलंत तरी शेवट बदलत नाही.

परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. शंकराचार्य राजा अमरुकाच्या देहात शिरले तेव्हा त्यांचा मूळ देह शिष्यांनी राखला होता, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतला देह रिकामा असतो. आत्मा एकच, तो इकडून तिकडे जातो आणि परतही येतो. म्हणून शिष्यांना राखण करायला अर्थ असतो. ओमिक्रॉनच्या खुर्चीतला देह रिकामा नाही. त्याच्यात तोच सायमन आहे, टोरंटोच्या आठवणींसकट, कार्लच्या आक्रोशासकट, एक मिनिटापूर्वी खुर्चीत बसताना मनात धरलेल्या आशेसकट. ‘सोमा’चा घाव इथे आहे: कुणी गेलंच नाही, फक्त एक वाढला.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी 1984 सालच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात असाच एक दाखला रचला होता: माणसाची नक्कल मंगळावर तयार करणारं यंत्र, आणि एकदा मूळ माणूसही मागे शिल्लक राहतो. तो दाखला वाचणारा बाहेर उभा राहून दोघांकडे पाहतो आणि निवांतपणे विचार करतो. ‘सोमा’त बाहेर उभं राहायची सोय नाही. दृष्टी कुठल्यातरी एकाच डोळ्यांमागे असणार, आणि ती कोणाच्या मागे ठेवायची हे खेळ करणाऱ्याच्या हातात. त्यांनी ती पहिल्यांदा टोरंटोतून अप्सिलॉनला आणली, दुसऱ्यांदा जुन्या सूटमधून नव्यात आणली. दोन्ही वेळा पुढच्याकडे. दोन वेळा असं झाल्यावर सायमन मनाशी एक हिशेब मांडतो, की ही नाणेफेक आहे, छापा पडला तर आपण तिकडे, काटा पडला तर इकडेच. आपण दोनदा जिंकलो, तिसऱ्यांदाही जिंकू. खेळणाऱ्याचा हिशेब निराळा नसतो, कारण त्याचाही अनुभव तसाच आहे. नाणेफेक झालेलीच नसते. दोन्ही वेळा दोघेही सायमन होते आणि दोघांनाही स्वतःपुरतं सगळं खरंच होतं.

तळावरच्या काही माणसांनी हा हिशेब आणखी पुढे नेला होता. मार्क सारांग नावाच्या एकाने युक्तिवाद मांडला की स्कॅन झाल्याबरोबर मेलं तर मागे कुणी उरतच नाही, म्हणजे आपण नक्की आर्कवरच उठणार. त्याने तसंच केलं, आणि काही जण त्याच्यामागे गेले. सायमन त्यांच्याहून शहाणा नाही, फक्त त्याच्याकडे तेवढा आत्मविश्वास नाही.

खेळात कमी काही नाही असं मुळीच नव्हे. राक्षस जवळजवळ सगळे उपरे वाटतात. अंधाऱ्या बोळात लपून बसायचं, पावलांचा आवाज गेला की पळायचं, हे ‘अम्नेशिया’चं भांडवल इथे पुन्हा वापरलं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते कथेची लय मोडतं. सायमन आणि कॅथरीन यांचे संवादही अधूनमधून व्याख्यानाच्या वळणाला जातात. झूस यांचा आवाज सुरुवातीला अगदी सपाट आहे, जग संपल्याची बातमी तो बस चुकल्यासारखी ऐकतो. शेवटाकडे तो आवाज फुटतो तेव्हा आधीच्या सपाटपणाचा उपयोग झाला असं म्हणता येईल, पण तो हेतू होता की योगायोग, याची मला खात्री नाही.

टाऊमध्ये सारा लिंडवॉल भेटते, हाडामांसाची शेवटची स्त्री, यंत्राच्या आधाराने तगलेली, आर्कची राखण करणारी. ती आर्क देते आणि यंत्र बंद करून सोबत बसायला सांगते. इथे खेळ अतिशय कमी बोलतो, आणि सायमनही. दुसऱ्याच्या मरणाशेजारी बसणं त्याला येतं.

मग फाय. आर्क तोफेत चढवायचा, खुर्चीत बसायचं, स्कॅन सुरू. पडद्यावर टक्के चढताहेत, तिकडे उड्डाणाची उलटी मोजणी. आता उठलो की तिथे. स्कॅन पूर्ण होतं, तोफ उडते. डोळ्यांपुढे तीच खोली.

या वेळी दृष्टी हलवलेली नाही. आधीच्या दोन्ही वेळी जे झालं तेच याही वेळी झालं आहे, यंत्राने काहीही निराळं केलेलं नाही. फक्त खेळ करणाऱ्यांनी आपल्याला या वेळी मागे राहिलेल्याबरोबर ठेवलं आहे. सायमन विचारतो, आपण अजून इथेच का? कॅथरीन सांगते की आपण नाणं हरलो, ओमिक्रॉनचा सायमन हरला तसे, शंभर वर्षांपूर्वी टोरंटोत मेलेला माणूस हरला तसे. नाणेफेकीचा तो खोटा हिशेब आता तीसुद्धा बोलून जाते, कारण याहून सोप्या भाषेत त्याला सांगण्याची तिची ताकद संपली आहे. सायमन तिच्यावर ओरडतो. ती उलट ओरडते, आणि त्या तिरमिरीत तिची चिप जळते. बोलणं अर्ध्यावर तुटतं. पुढे अंधारात सायमन तिला हाका मारत राहतो.

अनेकांना सायमनचा हा संताप असह्य होतो. एवढं सांगूनही? पण त्या क्षणी खेळणाऱ्याने स्वतःकडे पाहावं. टक्के चढत असताना त्याचा जीव टांगणीला लागला होता की नाही? पोहोचू का, वेळेत होईल का, असं वाटलं होतं की नाही? सिद्धांत माहीत असलेला, पारफिट वाचलेला, ओमिक्रॉनच्या खुर्चीतला देह पाहिलेला खेळणाराही त्या टक्क्यांकडे पाहत ‘मी’ पोहोचेन याचीच वाट पाहत असतो. सायमनला मठ्ठ म्हणण्याची घाई आपल्याला होते ती बहुधा म्हणूनच.

श्रेयनामावली सरकून गेली की खेळ आणखी एकदा दृष्टी हलवतो, आणि आता ती आर्कवरच्या सायमनच्या डोळ्यांमागे बसते. झाडं, पाणी, ऊन. चालत गेलं की नव्या अस्तित्वाबद्दल कसं वाटतं हे विचारणारी प्रश्नावली भरायला मिळते. तीच आपण आधी एकदा भरलेली असते. पुढे कॅथरीन हसत भेटते. या सायमनला वाटतं की आपण जिंकलो. फायच्या अंधारात हाका मारणारा त्याला माहीत नाही, आणि आपल्याला मात्र तो विसरता येत नाही. खाली पृथ्वी काळी पडलेली दिसते.

विज्ञानकथांमधल्या गेम-नायकांची नावं घेताना लोक गॉर्डन फ्रीमन सांगतात, कमांडर शेपर्ड सांगतात. शूर माणसं आहेत, त्यांना नाव ठेवण्यासारखं काही नाही. पण फ्रीमनच्या जागी दुसरा कुणी बंदूकधारी आला तरी ती कथा चालेल. सायमनच्या जागी हुशार माणूस बसवला तर ‘सोमा’ पहिल्या तासातच संपेल. दोन वेळा स्वतःची नक्कल निघताना पाहूनही तिसऱ्यांदा आशेने खुर्चीत बसणारा एवढा साधा माणूसच या कथेला हवा होता, आणि तो लिहायला हेडबर्ग कचरले नाहीत, याचं मला कौतुक वाटतं.

ज्यांनी एवढं वाचूनही खेळायचं ठरवलं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. 2017 साली खेळात ‘सेफ मोड’ आला. त्यात राक्षस दिसतात पण मारत नाहीत. भीतीची आवड नसेल तर बेलाशक तोच निवडा, सायमनच्या कथेचं त्याने काही बिघडत नाही. आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून खेळ बंद करू नका.